फ्लाय फिशिंग शिकताय? आधी बॅककास्ट नीट करा, मग नदीवर जा

आमच्या घरात गरवायचं वेड तीन पिढ्यांचं आहे. बाबा मालवणला कोळंब खाडीत गरी टाकून तांबोशी काढत मोठे झाले, मी त्यांच्या मागे चिखलात उभं राहून शिकले आणि आता माझा अकरा वर्षांचा मुलगा आहेच. गेली काही वर्षं आम्ही सगळे मे महिन्यात हिमाचलला तीर्थन खोऱ्यात ट्राउट माशांसाठी जातो.

लायसन्स तिथल्या मत्स्य विभागाकडून आधी काढा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी ट्राउटची मासेमारी बंद असते, तेव्हा जायचंच नाही. सामान म्हणजे नऊ फुटी पाच वेटचा रॉड (पाच नंबरच्या वजनाची लाइन पेलणारा), पाण्यावर तरंगणारी फ्लोटिंग लाइन, तिच्या टोकाला बांधायचा बारीक नऊ फुटी लीडर आणि चौदा नंबरचे थोडे फ्लाय, म्हणजे किड्यासारखे दिसणारे छोटे हुक. गाठ आवळताना थुंकीने ओली करा, नाहीतर ती तिथेच तुटते.

आता कास्ट, म्हणजे लाइन फेकणं. सगळे इथेच अडकतात, कारण सांगणारे चुकीचं सांगतात. "मनगटाचा झटका द्या" हे वाक्य कुणी म्हणालं की तिथून उठा. मला पहिल्या वर्षी एका गाइडने दिवसभर हेच सांगितलं, संध्याकाळी मनगट सुजलं आणि फ्लाय काही दहा फुटांपुढे गेला नाही.

मुद्दा असा आहे की गरीला शिसं असतं, ते वजन दोरी ओढत नेतं. फ्लायला वजनच नाही, पिसं आणि दोरा गुंडाळलेला हुक तो! इथे वजन लाइनचं असतं आणि बॅककास्टमध्ये, म्हणजे लाइन मागे फेकताना, ती पूर्ण सरळ झाली तरच रॉड वाकतो आणि पुढे ढकलतो. बाबांना हे सगळ्यात जड गेलं, पन्नास वर्षांची सवय, हात मागे गेला की लगेच पुढे. मग लाइन चाबकासारखी वाजते, फ्लाय तुटून जातो नाहीतर सगळा गुंता पायापाशी पडतो.

तर असं करा. पाण्यावर नको, मैदानात गवतावर उभे राहा, फ्लायच्या जागी लोकरीचा लाल तुकडा बांधा आणि रॉडच्या टोकापुढे फक्त तीन वाव लाइन सोडा, म्हणजे अठरा फूट. रॉड हळू उचला, वेग वाढवत न्या आणि डोक्यावर बारा धरले तर घड्याळात एक वाजतो तिथे, म्हणजे जरासा मागे, कडक थांबवा. आता मान वळवून मागे बघा. लोकर हवेतून येते, लाइनचा फास उलगडत जातो, शेवटी हाताला बारीकसा ओढा जाणवतो. तो जाणवला की पुढे, आणि दहावर पुन्हा कडक थांबा. मागे बघू नये म्हणतात ते मला अजिबात पटत नाही, शिकताना बघायलाच हवं. लाइन जास्त सोडली की थांबायचंही जास्त, म्हणून आकडे मोजत बसू नका, तो ओढा ओळखा. बाबा मागे बघायला लागल्यावर तिसऱ्या सकाळी त्यांचा कास्ट जमला!

आणि चष्मा, टोपी सगळ्यांना, लहान मुलांना तर आधी. एकदा वाऱ्यात माझाच फ्लाय मुलाच्या टोपीच्या कडेत रुतला, डोळ्यापासून दोन बोटांवर. तेव्हापासून आमच्या प्रत्येक हुकची उलटी नोक पकडीने दाबलेली असते आणि एक जण कास्ट करत असेल तर बाकीचे त्याच्या मागे फिरकत नाहीत. मागे झाडं असतील तर बॅककास्टचा हट्ट सोडा, रोल कास्ट करा, म्हणजे लाइन मागे न फेकता पाण्यावरूनच पुढे उलगडत फेका.

नदीवर मग फार काही उरत नाही. सकाळी लवकर जा, मे महिन्यात दुपारनंतर बर्फाचं पाणी वाढतं. मासा प्रवाहाकडे तोंड करून दगडाच्या आडोशाला असतो, म्हणून खालच्या बाजूने जा आणि वर कास्ट करा. लांब फेकायची गरज नाही, तीर्थनला आमचे बरेचसे मासे वीस-तीस फुटांतच लागले.

मासा लागला की आधी हात पाण्यात बुडवा, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा चिकट थर निघतो. हुक काढा, त्याचं तोंड प्रवाहाकडे करून पोटाखाली नुसता हात धरा, ढकलू नका. शेपटी हलायला लागली की तो आपणहून सुटतो.