घरातली ब्रिटिशकालीन लष्करी पदके : ओळख कशी पटवावी आणि माग कसा काढावा

पुणे, सातारा, अहिल्यानगर आणि कोकणपट्टीतल्या कितीतरी घरांत पणजोबांची किंवा आजोबांची पदके अजून एखाद्या ट्रंकेत पडून आहेत; मात्र ती कशाबद्दल मिळाली हे सांगू शकणारी पिढी आता जवळजवळ सरली आहे. ही माहिती बऱ्याच अंशी पुन्हा मिळवता येते, आणि त्यासाठी सुरुवात पदकापासूनच करावी लागते.

पहिली गोष्ट म्हणजे पदके घासू नयेत. चिंच, राखुंडी किंवा पितांबरी लावून ती लखलखीत केली, की कडेवरची अक्षरे झिजतात, आणि आपला सगळा शोध त्या अक्षरांवरच अवलंबून असतो. कोरड्या मऊ फडक्याने धूळ पुसावी, जुनी रिबन कितीही विरलेली असली तरी काढू नये, आणि दोन्ही बाजूंचे व कडेचे स्वच्छ उजेडात फोटो काढावेत.

त्यानंतर पदकांची दोन गटांत विभागणी करावी. ज्या मोहिमेत सैनिक होता तिच्याबद्दल सर्वांना मिळालेली ती मोहिमेची पदके, आणि एखाद्या विशिष्ट कृत्याबद्दल किंवा सेवेबद्दल नाव घेऊन दिलेले ते सन्मान. घरोघरी ‘शौर्यपदक’ म्हणून जपलेली बरीच पदके पहिल्या गटातली असतात. पहिल्या महायुद्धाचे पंचम जॉर्जची मुद्रा असलेले रुपेरी ब्रिटिश वॉर मेडल, इंद्रधनुषी रिबनीचे व्हिक्टरी मेडल, दुसऱ्या महायुद्धातले सहा टोकांचे बर्मा स्टार किंवा इटली स्टार, हिंदुस्थानचा नकाशा असलेले इंडिया सर्व्हिस मेडल ही सगळी मोहिमेची वा सेवेची पदके होत. त्यामुळे त्यांचे मोल कमी होत नाही. ब्रिटिश वॉर मेडल काशाचे असेल, तर ते बहुधा लेबर कोअर किंवा पोर्टर कोअरमधल्या माणसाचे असते. मेसोपोटेमियाच्या उन्हात ओझी वाहणाऱ्या त्या माणसाचे पदक चांदीच्या पदकाइतक्याच आदराने ठेवले पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

आता भिंगातून कड वाचावी. पहिल्या महायुद्धातल्या गोल पदकांच्या कडेवर आणि स्टारच्या मागच्या बाजूला क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. दुसऱ्या महायुद्धातली पदके ब्रिटिश सैनिकांना नावाविना दिली गेली, पण हिंदी सैनिकांच्या पदकांवर अनेकदा नाव सापडते. पलटणीचा क्रमांक जपून उतरवावा, कारण १९२२ च्या पुनर्रचनेत १०३, १०५, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या बटालियन झाल्या. कडेवर १०३, ११० किंवा ११७ आढळल्यास सहाव्या पूना डिव्हिजनचा आणि आजच्या इराकमधील कुतच्या वेढ्याचा, जो २९ एप्रिल १९१६ रोजी तिथल्या फौजेच्या शरणागतीने संपला, विचार अवश्य करावा.

दुसऱ्या गटाकडे अधिक वेळ द्यावा. ज्या घरात व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे शौर्याचा सर्वोच्च ब्रिटिश सन्मान आहे, त्या घराला ते माहीतच असते. हिंदी सैनिकांना तो १९११ पासून खुला झाला आणि मराठा पलटणींतल्या यशवंत घाडगे व नामदेव जाधव यांना तो इटलीतल्या लढायांसाठी मिळाला. गफलत होते ती त्याखालच्या सन्मानांत. १८३७ साली सुरू झालेला इंडियन ऑर्डर ऑफ मेरिट हा शौर्यासाठी होता. त्याची रिबन गडद निळी असून कडा लाल असतात. १९०७ सालच्या इंडियन डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस मेडलची रिबन नेमकी उलटी, म्हणजे मध्ये लाल आणि कडा निळ्या. रिबन विटल्यावर दोन्ही सारख्याच दिसू लागतात, म्हणून खालचा धातू पाहावा : पहिल्याला तारा आहे, दुसरे गोल पदक असून त्यावर राजाची मुद्रा आहे. पांढरी, जांभळी, पांढरी अशी रिबन आणि चांदीचा क्रॉस असल्यास तो १९१४ च्या डिसेंबरात सुरू झालेला मिलिटरी क्रॉस. जमादार-सुभेदार या हुद्द्यांच्या हिंदी अधिकाऱ्यांनाही तो मिळत असे. ऑर्डर ऑफ ब्रिटिश इंडिया मात्र दीर्घ व निष्ठापूर्वक सेवेसाठी असे आणि त्याच्या दोन वर्गांबरोबर ‘सरदार बहादूर’ व ‘बहादूर’ हे किताब येत; ‘रावबहादूर’ हा मुख्यतः मुलकी किताब असल्याने या दोहोंची सरमिसळ करू नये. व्हिक्टरी मेडलच्या रिबनीवर काशाचे ओकचे पान किंवा ते गळून पडल्याची बारीक भोके दिसली, तर सैनिकाचा उल्लेख सेनापतीच्या डिस्पॅचमध्ये, म्हणजे युद्धाच्या अधिकृत अहवालात, झाला असण्याची शक्यता आहे.

सन्मान ओळखला की कागद शोधावा. लंडन गॅझेट या ब्रिटिश सरकारी राजपत्राचे जुने अंक इंटरनेटवर विनामूल्य शोधता येतात. हिंदी सैनिकांचे अनेक सन्मान मात्र गॅझेट ऑफ इंडियात जाहीर होत, त्यामुळे लंडनच्या अंकात नाव नाही म्हणून निराश होऊ नये. नाव इंग्रजीत तीन-चार प्रकारे लिहून पाहावे, कारण कारकुनाने कानाला जसे ऐकू आले तसे ते उतरवलेले असते. दुसऱ्या महायुद्धातील सन्मान असेल, तर क्यू येथील ब्रिटनच्या नॅशनल आर्काइव्हजमधील डब्ल्यूओ ३७३ ही मालिका नावानिशी शोधावी. तिच्यात वरिष्ठांनी भरलेले शिफारसपत्र मिळू शकते : त्या दिवशी काय घडले याचा टंकलिखित मजकूर, खाली सह्या, आणि कधीकधी आधी सुचवलेला मोठा सन्मान खोडून त्याच्या जागी लिहिलेला दुसरा. अशा कागदावर आजोबांचे नाव वाचणे ही घराची फार मोठी मिळकत आहे.

इकडच्या चौकशीसाठी पलटणीनुसार दार ठोठवावे. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावला आहे, तर बॉम्बे सॅपर्सचे आपल्या खडकीलाच आहे. अर्जासोबत क्रमांक, हुद्दा, पलटण, डिस्चार्जचा कागद आणि पदकांचे फोटो जोडावेत. केवळ नावावर शोध लागणे कठीण असते. सनद किंवा जंगी इनामाचा (लष्करी सेवेबद्दलच्या इनामाचा) कागद सापडला तर त्याला प्लास्टिक लॅमिनेशन करू नये, तो सपाट ठेवावा.

आर्थिक अडचणीत चांदीचे पदक सोनाराकडे मोडीत जाते, आणि मग त्याबरोबर कडेवरचे नावही वितळते. विकणे भागच असेल, तर आधी सगळे तपशील लिहून काढावेत, पदकांचा संच फोडू नये, आणि शंभर वर्षांहून जुन्या वस्तू परदेशी पाठवण्यावर १९७२ च्या पुरावस्तू कायद्याची बंधने आहेत हे ध्यानात ठेवावे.