पेपरवर नाव कुणाचं? शोधनिबंध पाठवण्याआधी या चुका टाळा

कॉलेजच्या ग्रंथालयात मला १९ वर्षं झाली. त्यातली शेवटची ११ वर्षं संशोधन कक्षाच्या नोंदीही माझ्याकडेच आहेत: कुणाचे किती पेपर निघाले, ते कुठे कुठे उद्धृत झाले, नाव कितव्या क्रमांकावर आहे. प्लेसमेंटच्या, म्हणजे प्राध्यापकांच्या पदोन्नतीच्या, फाइली भरायची वेळ आली की माझ्या टेबलापुढे गर्दी होते. "मॅडम, माझा एच-इंडेक्स चुकीचा दिसतोय." "मॅडम, पेपर अकरा आहेत आणि स्कोपसवर चारच येतात." एच-इंडेक्स म्हणजे पेपर आणि त्यांची उद्धरणं यांवरून काढलेला आकडा, आणि स्कोपस म्हणजे शोधनिबंधांची आंतरराष्ट्रीय ऑनलाइन सूची. मी शोधायला बसते आणि आकडा बहुतेक वेळा बरोबर निघतो. घोळ असतो तो नावात. नाव कसं लिहिलं, कुणाचं घातलं, कुणाचं गाळलं आणि हे सगळं ठरलं कधी, यात. मोजणी ही त्यानंतरची गोष्ट, पण सगळे तिथूनच सुरुवात करतात.

नावं शेवटच्या रात्री ठरवणं

ही चूक मला सगळ्यात जास्त छळते, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर सांगते.

काही वर्षांपूर्वी पर्यावरणशास्त्राच्या एका विद्यार्थिनीने दोन उन्हाळे एका दुष्काळी तालुक्यातल्या विहिरींचं पाणी गोळा केलं. पहाटेच्या एसटीने जायची, थर्मोकोलच्या खोक्यात बर्फ घालून बाटल्या आणायची आणि त्याच संध्याकाळी प्रयोगशाळेत फ्लोराइड, नायट्रेट तपासायला बसायची. नोंदींचं रजिस्टर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तिच्या हस्ताक्षरात होतं. पेपर जर्नलकडे गेला तो मुदतीच्या आदल्या रात्री. त्यावर चार नावं होती: गाइड, त्यांचे एक सहकारी, विभागप्रमुख, आणि दुसऱ्या कॉलेजातले एक प्राध्यापक, ज्यांनी ते जर्नल सुचवलं होतं. मुलीचं नाव आभाराच्या शेवटच्या ओळीत.

पेपर छापून आल्यावर ती ग्रंथालयात आली आणि प्रत मागितली. मी काढून दिली. तिने पहिलं पान पाहिलं, मग शेवटचं पाहिलं आणि मला विचारलं, "मॅडम, माझं नाव कुठे असायला हवं होतं?"

मी तिच्याबरोबर तिच्या गाइड सरांकडे गेले. सर वाईट माणूस नव्हते, हे मुद्दाम सांगते. म्हणाले, "अहो, घाईत राहून गेलं. पुढच्या पेपरात घालू तिचं." पण पुढचा पेपर म्हणजे पुढचं काम. या दोन उन्हाळ्यांचं काय? मी जर्नलला पत्र लिहिलं. उत्तरात एक फॉर्म आला: लेखकांच्या यादीत बदल हवा असेल, तर आधी छापलेल्या प्रत्येक लेखकाची संमतीची सही हवी. तीन सह्या मिळाल्या. चौथ्यांनी, म्हणजे जर्नल सुचवणाऱ्यांनी, उत्तरच दिलं नाही. सात महिने वाट पाहून संपादकांनी प्रकरण बंद केलं. ते नाव आजही आभारातच आहे.

लेखक कोण, याला बऱ्यापैकी स्पष्ट उत्तर आहे. वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांची एक आंतरराष्ट्रीय समिती आहे. १९७८ मध्ये व्हँकुव्हरला काही संपादक जमले, तिथून तिची सुरुवात झाली. तिचे निकष आता चार आहेत. कामाची कल्पना, आखणी, माहिती मिळवणं किंवा तिचा अर्थ लावणं यात भरीव वाटा हवा. मसुदा लिहिण्यात किंवा जाणतेपणाने सुधारण्यात हात हवा. छापायच्या अंतिम रूपाला मान्यता हवी. आणि कामाबद्दल कुणी प्रश्न विचारला तर जबाबदारी घ्यायची तयारी हवी. हा चौथा निकष २०१३ मध्ये जोडला गेला. चारही पूर्ण व्हायला लागतात. नुसता निधी आणून दिला किंवा नुसती वरवरची देखरेख केली म्हणून कुणी लेखक होत नाही.

यावर मला हमखास ऐकवलं जातं, "पण मॅडम, त्या मुलीने मसुदा कुठे लिहिला?" हे वाक्य उच्चारण्याआधी त्याच समितीची पुढची सूचना वाचा. ज्याने काम केलं आहे त्याला मसुदा वाचायची, सुधारायची संधीच न देता निकषांवर बाद करायचं, यासाठी हे निकष नाहीत. मसुदा तिला दाखवला कुणी होता?

नाव कागदावर असणं म्हणजे काय, हे जोसेलिन बेल यांच्याकडे पाहिलं की कळतं. १९६७ मध्ये केंब्रिजला पीएचडी करत असताना रेडिओ दुर्बिणीतून निघणाऱ्या कागदाच्या लांबच लांब पट्ट्या त्या स्वतः तपासत होत्या. पल्सारची, म्हणजे ठरावीक अंतराने रेडिओ स्पंदनं देणाऱ्या ताऱ्याची, खूण त्यांच्याच नजरेला पडली. १९७४ चं नोबेल मिळालं त्यांचे मार्गदर्शक अँटनी ह्यूइश यांना आणि मार्टिन राइल यांना. पण १९६८ च्या मूळ पेपरवर पाच लेखकांत बेल यांचं नाव दुसरं आहे. ते तिथे छापलेलं आहे म्हणून आज जग त्यांच्या बाजूने बोलू शकतं. आमच्या विद्यार्थिनीसाठी बोलायला तेवढाही आधार उरला नाही.

यावर माझी पद्धत अगदी साधी आहे. एक जाड वही. पहिला नमुना गोळा होण्याआधी सगळ्यांनी ग्रंथालयात यायचं आणि एका पानावर लिहायचं: कोण काय करणार, पहिलं नाव कुणाचं, पत्रव्यवहार कुणाकडे. खाली तारीख आणि सह्या. काम बदललं, कुणी सोडून गेलं, कुणी नवीन आलं, की त्याच पानावर खाली नवी तारीख. भूमिका लिहायला क्रेडिट या यादीचा उपयोग होतो. तिच्यात १४ भूमिका आहेत: संकल्पना, प्रत्यक्ष शोधकाम, माहितीची निगा, विश्लेषण, पहिला मसुदा, देखरेख वगैरे. २०२२ पासून ती अमेरिकेत अधिकृत मानक आहे आणि पुष्कळ प्रकाशक पेपर पाठवतानाच ती भरून घेतात. मात्र कोण लेखक हे ती यादी ठरवत नाही. लेखकांपैकी कुणी काय केलं एवढंच ती सांगते.

नवे लोक म्हणतात, "नमुना मेल करा ना मॅडम, आम्ही भरून पाठवतो." मी पाठवत नाही. एकाने भरायचं आणि बाकीच्यांनी व्हॉट्सअॅपवर अंगठा दाखवायचा, यातून काही ठरत नाही. समोरासमोर "पहिलं नाव माझं असावं" असं म्हणायला वीस मिनिटं आणि थोडं धैर्य लागतं. तेच मला हवं असतं.

आदराखातर एक नाव

"सरांचं नाव घातलं तर काय बिघडतं?" बिघडतं, आणि प्राध्यापकांच्या फाइलीत मोजल्या जाणाऱ्या गुणांतच बिघडतं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत विज्ञान शाखेच्या पेपरला पायाभूत ८ गुण आहेत, भाषा आणि मानव्यविद्यांना १०. लेखक दोन असतील तर दोघांनाही ७० टक्के, म्हणजे ८ पैकी ५.६. तिसरं नाव आलं की पहिल्या, प्रमुख किंवा पत्रव्यवहार करणाऱ्या लेखकाला ७० टक्के आणि बाकीच्यांना ३० टक्के, म्हणजे २.४. तुम्ही दुसरे लेखक असाल, तर भिडेखातर घातलेलं ते तिसरं नाव तुमच्या खात्यातले ३.२ गुण घेऊन गेलं. आदर आभारात मनापासून, दोन चांगल्या वाक्यांत व्यक्त करा.

पैसे घेऊन लेखकाची जागा विकणाऱ्यांचे मेल येतात. ते उघडूसुद्धा नका.

आडनाव आधी लिहिणं

ही खास आपली चूक. शाळेच्या दाखल्यापासून आपल्याला सवय असते: आडनाव, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं किंवा नवऱ्याचं. जर्नलच्या फॉर्मवरही हात तसाच चालतो. पण शेवटचा शब्द म्हणजे आडनाव असं तिथली यंत्रणा धरून चालते. मग वडिलांचं नाव ज्ञानदेव असेल, तर जगाच्या नोंदीत तुम्ही 'ज्ञानदेव पी. एस.' होता.

आमच्याकडे वनस्पतिशास्त्राच्या एका मॅडमच्या बाबतीत हे सगळं एकाच वेळी झालं. लग्नाआधीचे तीन पेपर माहेरच्या आडनावाने. लग्नानंतरचे काही सासरच्या आडनावाने. दोन पेपर सासऱ्यांच्या नावाने, कारण मॅडमनी नवऱ्याचं पूर्ण नाव लिहिलं होतं आणि कुणीतरी शेवटचा शब्द उचलला. त्यात आडनावाचं रोमन स्पेलिंग दोन तऱ्हांचं. स्कोपसवर त्यांच्या चार वेगवेगळ्या प्रोफाइल तयार झाल्या होत्या आणि चारही मिळून कुणाला एक बाई दिसत नव्हती. फाइल द्यायला नऊ दिवस राहिले असताना त्या माझ्याकडे आल्या. प्रोफाइल एकत्र करायची विनंती करता येते, ती आम्ही केली, पण ते काम नऊ दिवसांत झालं नाही. शेवटी प्रत्येक पेपरचं पहिलं पान, लग्नाचा दाखला आणि नावबदलाचं राजपत्र जोडून फाइल गेली. समितीपुढे त्यांना पंचवीस मिनिटं फक्त "ही मीच आहे" हे सिद्ध करावं लागलं. फर्नवरच्या कामाबद्दल एक प्रश्न विचारला गेला.

म्हणून पहिला पेपर पाठवायच्या आधी एक रोमन रूप ठरवा, स्पेलिंगसकट, आणि ते निवृत्तीपर्यंत बदलू नका. लग्नानंतर नाव बदलायचं की नाही हा तुमचा प्रश्न, पण पेपरवरचं नाव तेच ठेवलं तरी चालतं, हे मी प्रत्येक मुलीला सांगते. आणि ऑर्किड, म्हणजे संशोधकाचा कायमचा ऑनलाइन ओळखक्रमांक, काढा. ही सोय २०१२ पासून आहे आणि फुकट आहे. १६ अंकी ओळख मिळते आणि जुनी नावंही त्याच खात्यात नोंदवता येतात. शेवटच्या अंकाच्या जागी कधी कधी 'एक्स' येतो, तो बरोबर असतो, खोडू नका. पासवर्ड विसरला म्हणून दुसरं ऑर्किड काढू नका. एका सरांची तीन निघाली होती.

गूगल स्कॉलरच्या प्रोफाइलवर लेख आपोआप जोडण्याचा पर्याय बंद ठेवा. पाटील एस. बी. या नावाने महाराष्ट्रात किती जण लिहीत असतील याचा विचार करा. हृदयरोगावरचा पेपर मराठीच्या प्राध्यापकाच्या नावावर दिसला, तर समिती ती चूक यंत्राची मानत नाही.

एच-इंडेक्सला माणसाचं माप समजणं

होर्हे हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये हा आकडा सुचवला. तुमचे १२ पेपर प्रत्येकी निदान १२ वेळा उद्धृत झाले असतील आणि १३ पेपर प्रत्येकी निदान १३ वेळा उद्धृत झाले आहेत असं म्हणता येत नसेल, तर एच १२. तीनच पेपर लिहिले आणि प्रत्येक ५०० वेळा उद्धृत झाला, तरी एच तीनच. पेपरवर लेखक किती आहेत हे त्याला दिसत नाही. हिग्ज कणाच्या वस्तुमानावरच्या २०१५ च्या पेपरवर ५,१५४ लेखक आहेत. ३३ पानांपैकी २४ पानं नावांची आणि संस्थांची. त्या प्रत्येकाच्या खात्यात तो एक पूर्ण पेपर म्हणून जमा होतो.

आमच्या मराठी विभागातल्या एका सरांचं संतसाहित्यावरचं काम मी प्रबंधांच्या संदर्भसूचीत वारंवार पाहिलं आहे. पण ते प्रबंध मराठीत, संदर्भ पुस्तकांचे, नावं देवनागरीत. स्कोपसवर सर शून्य आहेत. त्या शून्याकडे बोट दाखवून कुणी त्यांच्या कामाबद्दल बोललं की मला राग येतो. आता मीच शोधगंगेवरचे, म्हणजे भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहातले, प्रबंध उघडून संदर्भांची हाताने यादी करते आणि त्यांच्या फाइलीला जोडते. वेळ लागतो, पण यादीतला प्रत्येक संदर्भ पानासकट दाखवता येतो.

आणि दोन ठिकाणचे आकडे एकमेकांशी ताडू नका. गूगल स्कॉलरचा एच स्कोपसपेक्षा बहुधा मोठाच असतो, कारण ते पुष्कळ जास्त प्रकारची कागदपत्रं मोजतं. आकड्यापुढे स्रोत आणि तारीख लिहा.

थोडक्यात आणखी काही

इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे जर्नलमधल्या पेपरांना सरासरी किती उद्धरणं मिळतात तो आकडा, जर्नलचा असतो, तुमचा नसतो. जर्नलच्या सरासरीवरून माणसाला तोलू नका, असं सांगणारा जाहीरनामा २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत तयार झाला.

नावांच्या क्रमाचा अर्थ विषयागणिक बदलतो. गणितात नावं बहुधा वर्णक्रमाने येतात. वैद्यकात आणि जीवशास्त्रात शेवटचं नाव सहसा प्रयोगशाळेच्या प्रमुखाचं. गणिताच्या माणसाला "तुमचं नाव शेवटी का?" असं विचारू नका.

चॅटजीपीटीला लेखक करू नका. २०२३ मध्येच संपादकांच्या संस्थांनी सांगितलं आहे की जे जबाबदारी घेऊ शकत नाही ते लेखक होऊ शकत नाही. वापर केला असेल तर तसं पेपरात लिहा.

पत्रव्यवहारासाठी कॉलेज सोडल्यावर बंद होणारा ईमेल देऊ नका.

पेपर छापून झाला आणि नाव चुकलं आहे

आधी पत्रव्यवहार करणाऱ्या लेखकाला लिहा. फोन करू नका, ईमेल करा, म्हणजे तारीख राहते. भाषा शांत ठेवा, मागणी एका वाक्यात सांगा. पंधरा दिवसांत उत्तर नाही आलं तर संपादकांना लिहा आणि पुरावा जोडा: रजिस्टरच्या पानांचे फोटो, माहितीच्या मूळ फाइली, मसुद्यावरच्या तुमच्या दुरुस्त्या. प्रकाशन-नीतीवर काम करणारी कोप नावाची संस्था आहे. लेखकांच्या यादीवरून वाद झाला तर संपादकाने पायरीपायरीने काय करावं, याचे तक्ते तिने जाहीर केले आहेत. जर्नल तिचं सदस्य असेल तर पत्रात त्याचा उल्लेख करा.

रजिस्टर विभागात जमा करायच्या आधी त्याच्या प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा. त्या मुलीकडे फोटो नव्हते आणि मूळ रजिस्टर पुढच्या वर्षी रद्दीत गेलं. आता नवीन विद्यार्थी वहीत सही करायला आले की मी आधी हेच विचारते: रजिस्टरचे फोटो काढणार ना, आणि ते कुणाच्या फोनमध्ये राहतील?