दुचाकीला ब्लाइंड स्पॉट आरसा लावताय? या चुका टाळा

ब्लाइंड स्पॉट म्हणजे मुख्य आरशात न दिसणारी बाजूची जागा; ती दिसावी म्हणून त्यावर छोटा फुगीर आरसा चिकटवतात. बहुतेकांची पहिली चूक दुकानातच होते. कारसाठी बनवलेली दोन इंची गोल आरशांची जोडी घेतली जाते. कारच्या मोठ्या आरशावर तो गोल एका कोपऱ्यात मावतो, पण बाईकचा आरसा जेमतेम चार-पाच इंच रुंद असतो. त्यावर हाच गोल बसवला की मागच्या रस्त्याचा बराच भाग झाकला जातो. दीड इंच किंवा त्याहून लहान आणि कोन बदलता येणारा आरसा घ्या.

दुसरी चूक जागेची, आणि मला ती सगळ्यात घातक वाटते. कारवर पाहिलेलं असतं म्हणून लोक बाहेरच्या कडेला चिकटवतात. बाईकवर आरशाच्या आतल्या बाजूला आपलाच कोपर दिसत असतो. तो भाग तसाही वाया जातो, आरसा तिथे लावा. नेहमीचं जॅकेट घालून, हँडल सरळ ठेवून बसा आणि मित्राला मागून उजव्या बाजूने चालत यायला सांगा. मोठ्या आरशातून तो नाहीसा होण्याआधीच छोट्यात दिसायला हवा. हे जमेपर्यंत साध्या चिकटपट्टीवर भागवा, लगेच कायमचं चिकटवू नका. डावी बाजूही अशीच तपासा. आपल्याकडे रिक्षा आणि स्कूटर डावीकडूनही घुसतात.

पहिल्याच पावसात आरसा पडला, तर बऱ्याचदा कारण काचेवरचं पॉलिश असतं. स्पिरिटने पुसा, पूर्ण सुकू द्या, अर्धा मिनिट दाबून धरा आणि पुढचा एक दिवस बाईक धुऊ नका.

चित्र थरथरतंय? आधी मुख्य आरशाच्या दांड्याचा नट तपासा. ढिल्या दांड्यावर वजन वाढलं की थरथर वाढतेच. यामाहाच्या अनेक बाइकवर उजव्या आरशाला उलटे आटे असतात (सोडवायला घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवावं लागतं), तिथे जोर लावून आटे खराब करू नका.

फुगीर काचेत वाहन लहान, म्हणून लांब वाटतं. खंबाटकी घाटात मागून येणारा ट्रक त्यात खेळण्याएवढा दिसतो आणि प्रत्यक्षात अगदी जवळ असतो. बाजूला कुणी आहे का, एवढंच या आरशाला विचारा. अंतराचा अंदाज मोठ्या आरशावरून घ्या, आणि लेन बदलण्याआधी मान वळवून खांद्यावरून एकदा बघाच.

चुकीच्या जागी आधीच चिकटवला असेल, तर स्क्रूड्रायव्हरने उपटू नका, काच तडकते. हेअर ड्रायरने थोडा गरम करा आणि मागून नायलॉनचा दोरा करवतीसारखा ओढा. सहज सुटतो.