कोविड वॉर्डातल्या नाईट ड्यूटीने शिकवलेलं, नवीन स्टाफसाठी

जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) होऊन वर्षही झालं नव्हतं अन् एप्रिल 2021 ला माझी ड्यूटी कोविड वॉर्डात लागली, इकडंच बीड जिल्ह्यात. आपल्याकडचा उन्हाळा, त्यात पीपीई किट, दहा मिनिटांत अंगाला धारा, गॉगलवर वाफ अन् सहा तास पाण्याचा घोट नाही. आता नर्सिंगला जाणाऱ्या पोरी विचारायलेत ताई काय शिकून घेऊ, म्हणून लिहिते.

पहिलं म्हणजे ऑक्सिजनवरच्या पेशंटला एकट्याला संडासला जाऊ देऊ नका. आमच्याकडं एक बाबा होते, मास्कवर रक्तातला ऑक्सिजन 94 टक्के, छान बोलायचे, बेडपॅनची लाज वाटायची त्यांना. पहाटे चारला मी दुसऱ्या बेडवर सलाईन लावत होते तेवढ्यात मास्क काढून उठले अन् दारापाशीच खाली बसले. बोटाला ऑक्सिजन मोजायचा प्रोब लावला तर 68. वॉर्डबॉय मामांनी अन् मी उचलून आणलं, मिनिटाला 15 लिटरने ऑक्सिजन सुरू केला, डॉक्टर आले, पालथं झोपवलं, तासाभराने 90 दिसले तेव्हा कुठं माझे हात थरथरायचे थांबले. तेव्हापासून प्रत्येक राऊंडला मीच आधी विचारते, बाबा लघवीला लागली का, अन् पडदा ओढून घेते. लाज राखली की माणूस ऐकतो, खरंच.

पालथं झोपवताना छातीखाली अन् मांडीखाली उशी द्या, पोट मोकळं राहू द्या. पाठीकडच्या फुफ्फुसात हवा जायला लागते.

नुसत्या आकड्यावर जाऊ नका. मेंदी, नेलपेंट, गार पडलेलं बोट, प्रोब चुकीचं दाखवतो. मिनिटभर श्वास मोजा, 24 च्या वर गेला किंवा बोलता बोलता वाक्य तुटायला लागलं तर लगेच डॉक्टरांना कळवा, काय म्हणतील याचा विचार करू नका.

अन् नातेवाईक आत येऊ शकत नव्हते, तर ते कामही आपलंच. एकदा एका आजीच्या डब्यात भाकरीवर चिठ्ठी होती, "म्हैस व्याली, काळजी करू नको". मी कानाशी वाचून दाखवली, तर दोन दिवस डोळे न उघडलेली ती माय मास्कमधूनच विचारती, "वगार झाली का हल्या?" मादी झाली का नर, चिठ्ठीत ते नव्हतंच. ड्यूटी संपल्यावर किट काढलं, आंघोळ केली अन् आधी तिच्या पोराला फोन लावला. वगार होती.