टर्बाइन हाउसिंग आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड यांची जुळवणी कशी करावी

मॉडिफाय केलेल्या गाडीसाठी टर्बो (एक्झॉस्टच्या वायूने टर्बाइनचे चाक फिरवून कंप्रेसरच्या चाकाने इंजिनात अधिक हवा दाबणारे यंत्र) निवडताना बहुतेकांचे लक्ष कंप्रेसरच्या चाकाच्या आकाराकडे असते आणि मॅनिफोल्डचा, म्हणजे सिलिंडरांचा वायू गोळा करून टर्बोकडे नेणाऱ्या पाइपांच्या जोडणीचा, विचार फ्लॅंजची (बोल्टने जोडायच्या सपाट पट्टीची) भोके जुळतात की नाही एवढ्यावर संपतो. वास्तविक सिलिंडर हेडमधील एक्झॉस्ट पोर्टपासून टर्बाइनच्या चाकापर्यंतचा वायूचा मार्ग सलग असतो. त्याचा एक भाग मॅनिफोल्डमध्ये आणि दुसरा हाउसिंगमध्ये, म्हणजे टर्बाइनच्या चाकाभोवतीच्या कवचात, असतो इतकेच. त्यामुळे हे दोन भाग एकत्र निवडावेत आणि क्रम आधी इंजिन व त्याचा वापर, मग टर्बाइन हाउसिंग, मग फ्लॅंज आणि शेवटी मॅनिफोल्ड असा ठेवावा. हाताशी असलेल्या मॅनिफोल्डवर जो बसेल तो टर्बो घेणे हा उलटा क्रम असून, त्यातून उभी राहणारी गाडी चालते, पण ती ज्या कामासाठी बांधली त्या कामाची क्वचितच ठरते.

हाउसिंगच्या निवडीत सर्वांत महत्त्वाचा आकडा ए/आर हा आहे. हाउसिंगच्या गोगलगायीसारख्या वाटोळ्या मार्गाच्या कोणत्याही छेदाचे क्षेत्रफळ घेऊन त्याला, त्या छेदाच्या मध्यापासून शाफ्टच्या अक्षापर्यंतच्या अंतराने भागले की हा आकडा मिळतो. ए/आर लहान असेल तर वायू चाकावर अधिक वेगाने आणि अधिक स्पर्शरेषेत आदळतो, बूस्ट (टर्बोने इंजिनात जाणाऱ्या हवेला दिलेला दाब) कमी आरपीएमला येतो, मात्र वरच्या आरपीएमला हाउसिंग वायूला अडवू लागते आणि मॅनिफोल्डमधील दाब चढतो. ए/आर मोठा असेल तर परिणाम याच्या उलट होतो. 0.48, 0.63, 0.82 आणि 1.06 हे आकडे वारंवार दिसतात. परंतु त्यांची तुलना एकाच घराण्यातील टर्बोंमध्येच करावी, कारण चाकाचा व्यास आणि ट्रिम (चाकाच्या लहान व मोठ्या व्यासांचे प्रमाण) बदलले की त्याच 0.63 चा अर्थ बदलतो. याच कारणाने वेगळ्या चाकासाठी कोरलेले हाउसिंग केवळ बाहेरून बसते म्हणून वापरू नये. चाक आणि हाउसिंग यांच्यामधील फट फार थोडी असते. ती वाढली तर कार्यक्षमता जाते आणि कमी पडली तर पाती घासतात.

हाउसिंग ठरले की फ्लॅंजचे पर्याय आपोआप आटोक्यात येतात. प्रमाण मापाच्या फ्लॅंजमध्ये लहान टर्बोंवर टी-25, मध्यम टर्बोंवर टी-3, मोठ्यांवर टी-4 आणि अलीकडे सर्व आकारांवर व्ही-बँड (बोल्टऐवजी गोल क्लॅम्पने आवळायची फ्लॅंज), असा साधारण क्रम आढळतो. याखेरीज अनेक कार उत्पादकांच्या स्वतःच्या फ्लॅंज असतात. टी-3 आणि टी-4 या दोन्ही फ्लॅंज अखंड तोंडाच्या आणि दुभागलेल्या तोंडाच्या अशा दोन्ही प्रकारांत मिळतात आणि दोन्ही प्रकारांत बोल्टची मांडणी सारखीच असते, त्यामुळे केवळ 'टी-3' एवढ्या नावावरून खरेदी करणे धोक्याचे आहे. व्ही-बँडमध्येही क्लॅम्पचा व्यास सारखा असला तरी फ्लॅंजच्या कडेचा कोन आणि खाच उत्पादकागणिक वेगळी असू शकते; म्हणून हाउसिंगसोबतची जोडीदार फ्लॅंज त्याच उत्पादकाकडून घेऊन ती मॅनिफोल्डला वेल्ड करावी. टी-3 वरून टी-4 वर नेणारा अडॅप्टर हा नाइलाजाचा उपाय समजावा, कारण त्यात मार्गाचे क्षेत्रफळ अतिशय कमी अंतरात बदलते, गळतीची आणखी एक जागा तयार होते आणि टर्बो आणखी बाहेर लटकतो.

दुभागलेले, म्हणजे आत दोन वेगळे कप्पे असलेले ट्विन-स्क्रोल हाउसिंग निवडणार असाल तर सर्वाधिक काळजी येथे घ्यावी. चार सिलिंडरच्या इंजिनात दर 180 अंशांना एक सिलिंडर पेटतो, तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सामान्यतः 180 अंशांपेक्षा बराच अधिक काळ उघडा असतो. परिणामी एका सिलिंडरचा एक्झॉस्ट स्ट्रोक संपत असताना, त्याचे इनटेक व एक्झॉस्ट हे दोन्ही व्हॉल्व्ह थोडे उघडे असतानाच, दुसऱ्या सिलिंडरमधून दाबाची ताजी लाट सुटते आणि एकत्र मॅनिफोल्डमध्ये ती पहिल्या सिलिंडरच्या तोंडाशी येऊन जळालेला वायू आत ढकलते. सिलिंडरमध्ये असा उरलेला तप्त वायू नॉकिंगला, म्हणजे इंधन-मिश्रण अवेळी आपोआप पेटण्याला, आमंत्रण देतो. यावर उपाय म्हणजे पेटण्याच्या क्रमात परस्परांपासून सर्वांत दूर असलेल्या सिलिंडरांच्या जोड्या करणे. ज्या इंजिनाचा क्रम 1-3-4-2 आहे तेथे 1 व 4 एका कप्प्यात आणि 2 व 3 दुसऱ्या कप्प्यात येतात, म्हणजे प्रत्येक कप्प्यात दोन लाटांमध्ये 360 अंशांचे अंतर राहते. 1-5-3-6-2-4 या क्रमाच्या सरळ सहा सिलिंडरी इंजिनात पुढचे तीन आणि मागचे तीन असे सोपे गट पडतात आणि अंतर 240 अंशांचे होते. सुबारूच्या ईजे मालिकेतील बॉक्सर इंजिनात क्रम 1-3-2-4 असल्याने 1 व 2, तसेच 3 व 4 अशा जोड्या लागतात. हे सिलिंडर इंजिनाच्या समोरासमोरच्या बाजूंना असल्याने पाइप खालून आडवे न्यावे लागतात. मित्सुबिशीने 1996 च्या लॅन्सर इव्होल्यूशन 4 मध्ये 4जी63 इंजिनाला ट्विन-स्क्रोल टर्बो दिला. ही मांडणी समजून घेण्यासाठी ते मॅनिफोल्ड हातात घेऊन पाहण्यासारखे आहे.

जोड्या बरोबर असूनही कप्पे वेस्टगेटपाशी (जादा वायू चाकाला वळसा घालून सोडणाऱ्या व्हॉल्व्हपाशी) एकत्र झाले तर सारे श्रम वाया जातात. बाहेरील वेस्टगेट वापरताना प्रत्येक कप्प्याला स्वतंत्र गेट द्यावे, अथवा एकच गेट वापरायचे असेल तर त्याच्याकडे जाणाऱ्या पाइपमधील दुभाजक व्हॉल्व्हच्या बैठकीपर्यंत न्यावा. केवळ एका कप्प्याला गेट जोडू नये. दुसऱ्या कप्प्याचा वायू चाक फिरवत राहतो आणि बूस्ट ठरवलेल्या मर्यादेपलीकडे सरकत जातो. दुभागलेले हाउसिंग अखंड मॅनिफोल्डवर बसते आणि चालतेही, परंतु मग ट्विन-स्क्रोलचा फायदा उरत नाही, म्हणून अशा वेळी अखंड हाउसिंगच घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

रनरच्या, म्हणजे मॅनिफोल्डमधील एकेका सिलिंडरच्या पाइपच्या, व्यासाबाबत मोठे ते चांगले हा समज सोडून द्यावा. शेड्यूल 10 (पाइपच्या भिंतीच्या जाडीची एक श्रेणी) च्या सव्वा इंची पाइपचा आतील व्यास सुमारे 36.6 मिमी आणि दीड इंचीचा सुमारे 42.8 मिमी असतो. पोर्टपेक्षा बराच मोठा पाइप घेतला की वायूचा वेग आणि उष्णता दोन्ही वाया जातात. फ्लॅंजच्या तोंडांची जुळणी तपासण्यासाठी गास्केट आधी हाउसिंगवर आणि मग मॅनिफोल्डवर ठेवून दोन्हींवर आतील कड कोरून घ्यावी. मॅनिफोल्डचे तोंड हाउसिंगच्या तोंडापेक्षा किंचित लहान असले तर चालते. ते मोठे असेल तर वायू हाउसिंगच्या कडेवर आदळतो आणि ती पायरी कार्बाइड बरने उतरती करावी लागते. दुभाजक मात्र समोरासमोर आलाच पाहिजे. हाउसिंगच्या आत जेथे वाटोळा मार्ग सुरू होतो तेथील जिभेसारख्या कडेला हत्यार लावू नये, कारण ए/आर तेथील आकारावर अवलंबून असतो.

वेल्डिंगपूर्वी टर्बो गाडीत टांगून जागा पाहावी. कंप्रेसर आणि टर्बाइन ही दोन्ही हाउसिंग शाफ्टचे बेअरिंग असलेल्या मधल्या भागाभोवती फिरवता येतात, त्यामुळे आधी मॅनिफोल्डवरील स्थिती ठरवून मग मधला भाग असा फिरवावा की तेल उतरण्याचे तोंड शक्य तितके सरळ खाली येईल. उभ्या रेषेपासून 35 अंशांपेक्षा अधिक कललेले तोंड तेल साठवते आणि सीलमधून धूर येऊ लागतो. आतील वेस्टगेट असेल तर हाउसिंग फिरवल्यावर ते गेट उघडणाऱ्या ॲक्च्युएटरचा दांडा सरळ रेषेत राहतो का, हेही पाहावे. स्टीअरिंगचा दांडा, ब्रेकच्या नळ्या आणि बोनेट यांच्यापासूनचे अंतर इंजिन हलते हे गृहीत धरून सोडावे.

उष्णतेचा हिशेब न करता बांधलेले मॅनिफोल्ड तडकतेच. पेट्रोल इंजिनात वायूचे तापमान भाराखाली 900 अंश सेल्सियसच्या घरात जाते. 400 मिमी लांबीचा भाग 600 अंशांनी तापला तर साधे पोलाद सुमारे 3 मिमी आणि 304 जातीचे स्टेनलेस 4 मिमीहून अधिक वाढते, तर ॲल्युमिनियमचे हेड कूलंटमुळे तुलनेने थंडच राहते. म्हणून हेडकडील फ्लॅंजच्या बाहेरील स्टडची भोके थोडी सैल ठेवावीत आणि टर्बोचे वजन इंजिन ब्लॉकला जोडलेल्या ब्रॅकेटवर घ्यावे. चासीला जोडलेला ब्रॅकेट इंजिनाच्या प्रत्येक हालचालीसरशी मॅनिफोल्ड पिळतो. टर्बोनंतरच्या एक्झॉस्ट पाइपमध्ये, म्हणजे डाउनपाइपमध्येही लवचिक तुकडा असावा. फ्लॅंज 10 ते 12 मिमी जाडीची घ्यावी, जाड पट्टीला बोल्टने आवळून वेल्ड करावी आणि तरीही नंतर मशीनवर सपाट करून घ्यावी, कारण वेल्डिंगने ती थोडी तरी वाकतेच. सरळपट्टी आणि फीलर गेज लावून खात्री करावी. उष्णता सोसणारे स्टड, लॉकिंग नट आणि निकेलयुक्त अँटी-सीझ (आटे उष्णतेने जाम होऊ न देणारा लेप) वापरावे व पहिल्या काही गरम-थंड फेऱ्यांनंतर थंड इंजिनावर टॉर्क पाना पुन्हा लावावा.

इंजिन चालू झाल्यावर थंड अवस्थेतच फ्लॅंजभोवतीची टिकटिक ऐकावी. टर्बोपूर्वीची बारीक गळतीही बूस्ट उशिरा आणते. मॅनिफोल्डमध्ये दाबमापनासाठी एक छोटे तोंड ठेवले असेल तर पोलादी नळीचे वेटोळे लावून पूर्ण भारावरील दाब मोजावा. तो बूस्टच्या दीडपटीपर्यंत असेल तर रस्त्यावरच्या गाडीसाठी जुळणी ठीक समजावी. दुपटीच्या पुढे जात असेल तर बूस्ट वाढवण्याऐवजी एक पायरी मोठ्या ए/आरचे हाउसिंग त्याच फ्लॅंजवर बसवून पुन्हा मोजणी करावी.