रंधा मशीन घरी चालवताना: आधी हाताचा रस्ता ठरवा

घरी रंधा मशीन घेतलेलं कोणी भेटलं की मी एकच विचारते. फळी पात्यांवरून जाईल तेव्हा तुमचा डावा हात कुठे असेल आणि उजवा कुठे? ‘बघू तेव्हाचं तेव्हा’ असं उत्तर आलं तर त्या माणसाने अजून बटणाला हात लावू नये. मोटार किती हॉर्सपॉवरची, पातं कुठल्या कंपनीचं, या गप्पा नंतर.

मी सोलापूरच्या पूर्व भागातली. वडील, म्हणजे नाना, हातमागाची सुतारकी करायचे. ज्या पत्र्याच्या शेडमध्ये पूर्वी माग खडखडायचे तिथे आता माझं सहा इंची मशीन आहे. पाट, चौरंग, छोटे देव्हारे करते. लाकूड बहुतेक जुन्या मागांचं सागवान, भंगारवाल्याकडून आणलेलं. नव्या सागापेक्षा स्वस्त आणि पुरतं वाळलेलं.

आधी मशीन करतं काय ते पाहा. ते वाकडीतिकडी फळी तासून सपाट करतं. दोन टेबलं आणि मध्ये फिरणारा गोल कटर ब्लॉक. बहुतेकांवर तीन पाती असतात. आपण उभे राहतो तिथून उजवं टेबल फळी आत घालायचं, डावं टेबल रंधून झालेली फळी झेलायचं. डावं टेबल पात्याच्या सर्वांत उंच टोकाशी बरोबर समपातळीत. उजवं त्याहून जेवढं खाली, तेवढी जाडी एका फेरीत निघते. ब्लॉक मिनिटाला साडेचार हजार फेरे घेत असेल तर तीन पाती मिळून सेकंदाला सव्वादोनशे वेळा लाकडाला लागतात. बोट लागलं तर ते कापलं जात नाही, किसलं जातं. करवतीने तुटलेलं बोट डॉक्टर कधीकधी जोडू शकतात. इथे जोडायला बहुधा काही उरत नाही. घाबरवायला लिहीत नाही, पण हाताचा रस्ता आधी ठरवायचा तो याचसाठी.

तर हाताचा रस्ता. फळी उजव्या टेबलावर, उजवा हात मागून ढकलणारा, डावा हात फळीच्या पुढच्या भागावर दाबणारा. फळीचं पुढचं टोक पाती ओलांडून वीतभर डाव्या टेबलावर गेलं की डावा हात उचलायचा आणि डाव्या टेबलावरच्या फळीवर ठेवायचा. उचलून ठेवायचा, सरकवत न्यायचा नाही. तिथून पुढे दाब सगळा डावीकडे. रंधून सरळ झालेला भाग डाव्या टेबलाला टेकून राहिला तरच बाकीची फळी सरळ निघते. मग उजवा हातही तसाच उचलून पलीकडे. थोडक्यात, पात्यांच्या बरोबर वर कुठल्याही क्षणी तळहात टेकलेला नको, मध्ये दोन इंच जाड लाकूड असलं तरी. गाठ फुटते, फळी उसळून मागे जाते, आणि दाब देणारा हात त्याच जोरात खाली येतो.

मशीन बंद ठेवून ही सगळी हालचाल करून पाहा. प्लग काढलेला, तीच फळी, तोच ढकलायचा ठोकळा (तो कसा करायचा ते पुढे सांगते). कुठे हात अडखळतो, कुठे पाय वळवावा लागतो ते कळतं. माझ्या भाच्याला हे पोरखेळ वाटलं होतं. मी त्याला बंद मशीनवर सबंध सकाळ फळ्या सरकवायला लावल्या.

रुंद बाजू रंधताना नुसते हात वापरायचेच नाहीत. दोन ठोकळे करून घ्या. एक साधा, वर मूठ असलेला, खाली जुन्या सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवलेला, म्हणजे घसरत नाही. दुसऱ्याला मागच्या बाजूला खाली सूतभर (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) टाच ठेवायची, ती फळीच्या शेवटाला अडकते आणि ढकलते. फळीच्या मागच्या टोकाला अंगठा अडकवून ढकलायची सवय बऱ्याच जुन्या मिस्त्रींना असते. त्यांचं बाकी सगळं शिका, हे शिकू नका. कड रंधतानाही बोटं फळीच्या वरच्या अर्ध्या भागात, टेबलाकडे लोंबती नकोत.

आता काय घालायचं नाही. फुटाहून आखूड तुकडा नाही. अर्ध्या इंचाहून पातळ नाही. पाऊण इंचाहून अरुंद पट्टी नाही. आखूड तुकड्याचं टोक दोन टेबलांमधल्या फटीत बुडतं आणि हात त्याच्यामागोमाग जातो. चौरंगाचे पाय आखूड असतात म्हणून लोक नेमके तिथेच फसतात. चारही पायांना पुरेल असा लांब दांडा आधी रंधा, मग करवतीने पाय कापा. देव्हाऱ्याच्या बारीक पट्ट्यांना हातरंधा आहे की. नानांचा रंधा अजून माझ्या फडताळात आहे आणि आठवड्यातून एकदा तरी निघतो. प्लायवूड आणि एमडीएफही घालू नका, त्यातल्या डिंकाने पात्यांची धार जाते. फळीचं टोक, म्हणजे लाकडाच्या रेषा आडव्या कापलेल्या असतात ती बाजू, तर कधीच नाही.

जुन्या मागाच्या लाकडात खिळे असणारच. वरून दिसतात ते काढता येतात. तुटून आत राहिलेले, तेलकट काळ्या डागाखाली लपलेले, ते पात्याला सापडतात. मी जुन्या स्पीकरचा लोहचुंबक दोऱ्याला बांधून फळीच्या चारही बाजूंवरून फिरवते. ओढला गेला की तिथे पटाशीने उकरून पाहायचं. खिळ्यावर पातं गेलं तर धार फुटतेच, वर ठिणगी ढलप्यांच्या ढिगात पडते. एप्रिल-मेच्या सोलापुरात तो ढीग पेटायला वेळ लागत नाही. म्हणून मशीनखाली रोज झाडायचं आणि वाळूची बादली दारापाशी.

गार्ड. सेकंडहँड मशीन घेताना विकणारा म्हणेल, ‘गार्ड कोण लावतं ताई, आडवं येतं.’ गार्ड नसेल तर बसवून घ्या, नाहीतर मशीन घेऊ नका. फळी आली की बाजूला सरकणारं आणि फळी गेली की स्प्रिंगने परत पाती झाकणारं असावं. कटर ब्लॉक गोलच हवा. फार जुन्या मशीनवर चौकोनी ब्लॉक दिसतो. त्यात पातं आणि टेबल यांच्यामधली पोकळी मोठी असते आणि बोट आत ओढलं जातं. तसलं फुकट मिळालं तरी भंगारातच टाका.

वीज हा आपल्याकडचा खास विषय. लाइट गेली, आपण हात पुसून चहाला गेलो, आणि लाइट आली तेव्हा भिंतीवरचा साधा स्विच चालूच होता. मशीन आपोआप फिरायला लागतं, आणि त्या वेळी शेडमध्ये कोण असेल सांगता येत नाही. लाल-हिरव्या बटणाचा डीओएल (डायरेक्ट ऑन लाइन) स्टार्टर लावा. त्यातल्या कॉइलमुळे वीज गेली की तो सुटतो आणि हिरवं बटण पुन्हा दाबल्याशिवाय मशीन सुरू होत नाही. अर्थिंग नीट, बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती झाली की वीज तोडणारा स्विच. पातळ वायरचं एक्स्टेन्शन नको. लांब पातळ वायरीत व्होल्टेज पडतं, मोटार तापते, आणि नेमकी फळी मध्यावर असताना ब्लॉकचा वेग उतरतो.

कपड्यांबद्दल बायकांना कोणी सांगत नाही, म्हणून मी सांगते. साडी, ओढणी नाही. मी सलवारीवर जुना, अंगाबरोबर बसणारा शर्ट घालते, बाह्या कोपराच्या वर. वेणीचा अंबाडा घालून वर रुमाल. बांगड्या, अंगठ्या काढून डब्यात. मंगळसूत्र काढू का, असं मी कोणाला विचारत बसले नाही. बाकीच्यांबरोबर तेही डब्यात जातं. पुरुषांनी खांद्यावरचा टॉवेल आणि मनगटातला गंडादोरा याच डब्यात टाकावा. हातमोजे तर मुळीच नकोत. पातं मोज्याला धरतं आणि मोजा हाताला. कानाला मफ लावा, पण मग मागून कोणी आलेलं ऐकू येत नाही. आमच्याकडे नियम असा: शेडबाहेर लाल बल्ब पेटलेला असेल तर दारात थांबायचं, खांद्याला हात लावायचा नाही.

पाती बदलली की डावं टेबल आणि पाती एका पातळीत आहेत का ते तपासायचं. प्लग काढा. लाकडाची एक सरळ पट्टी डाव्या टेबलावर ठेवा, तिचं टोक ब्लॉकवर येऊ द्या आणि टेबलाच्या कडेशी पट्टीवर खूण करा. आता मोटारीचा पट्टा ओढून ब्लॉक हाताने, तो चालताना फिरतो त्याच दिशेने, फिरवा. पातं पट्टीला थोडी उजवीकडे ओढून नेईल. ती साधारण एक सूत सरकायला हवी. प्रत्येक पात्याच्या दोन्ही टोकांना हे पाहायचं, सगळीकडे तेवढीच सरकली पाहिजे. जास्त सरकली तर टेबल खाली आहे, फळीच्या शेवटी खड्डा पडेल. हलतच नसेल तर टेबल वर आहे आणि फळी तिथे अडेल. पात्यांचे बोल्ट सगळे एकदा आवळून झाले की पुन्हा पहिल्यापासून आवळा. पहिल्यांदा सुरू करताना ब्लॉकच्या समोर नाही, बाजूला उभं राहायचं.

लाकूड ठेवताना खोलगट बाजू खाली, म्हणजे दोन्ही कडांवर ते स्थिर बसतं. उलटं ठेवलं तर डुलतं आणि डुलतंच रंधलं जातं. फळीच्या कडेवर रेषा बघा. त्या मागच्या टोकाकडे जाताना खाली, टेबलाकडे उतरत असाव्यात. उलट असतील तर फळी फिरवा, नाहीतर ढलप्या उपटून निघतील. एका फेरीला पाव सूत पुरे, म्हणजे पाऊण मिलिमीटर. घाई असेल तर फेऱ्या वाढवा, खोली नाही. फळीच्या बरोबर मागे उभं राहू नका, उसळली तर ती त्याच दिशेने येते. आणि एक अपेक्षा सोडून द्या: हे मशीन एक बाजू सपाट करतं आणि गुण्या (काटकोन तपासायचं हत्यार) लावून दुसरी कड काटकोनात. दोन्ही बाजू समांतर करायला थिकनेसर हे वेगळं मशीन लागतं. इथेच उलटसुलट फिरवत बसलात तर फळीची पाचर होईल.

बटण बंद केलं तरी ब्लॉक बराच वेळ फिरतो. अडकलेली ढलपी काढायला हात नाही, ब्रश, तोही ब्लॉक थांबल्यावर आणि प्लग काढल्यावर. रंध्यातून धुळीपेक्षा ढलप्याच जास्त निघतात, पण सागाच्या बारीक धुळीने नाक आणि कातडी चुरचुरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ १९९५ सालीच कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातली आहे. एन-९५ मास्क महाग नाही.

उन्हाळ्यात मी पहाटे काम उरकते. पत्र्याखाली दुपारी हाताला घाम सुटतो, ठोकळ्याची मूठ निसटते. तोच घाम टेबलावर ठिबकला की लोखंडाला गंज धरतो, फळी अडकत सरकते आणि आपण नकळत जोर वाढवतो. टेबल पुसून साधी मेणबत्ती घासायची, वर कापड फिरवायचं. फळी हलक्या हाताने जायला लागते.

एवढं करूनही लागलंच तर स्वच्छ कापड घट्ट दाबून हात छातीच्या वर धरा आणि १०८ ला फोन करायला दुसऱ्याला सांगा. हळद, चहापूड जखमेत भरू नका, डॉक्टरांना ती धुऊन काढावी लागते. तुटलेला भाग सापडला तर ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून पिशवीत आणि ती पिशवी बर्फात, थेट बर्फावर नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन याआधी कधी घेतलं ते दवाखान्यात विचारतील. माझी तारीख शेडच्या दाराच्या आतल्या बाजूला खडूने लिहिलेली आहे.