समुद्रतळाच्या गाळातून जुने भूकंप कसे ओळखावेत

भूकंपाने खंडउतारावरचा (खंडाच्या कडेपासून खोल समुद्राकडे उतरणाऱ्या तळाचा) गाळ घसरला की तो पाण्यात मिसळून गढूळ लोंढ्याच्या रूपाने सागरी दऱ्यांतून खाली धावतो आणि खोल तळावर थर होऊन बसतो. नळीने काढलेला गाळाचा स्तंभ उभा चिरल्यावर हाच थर शोधावा: खाली रेखीव सीमा, तिच्यावर भरड वाळू, वर क्रमाने बारीक होत गेलेला गाळ. वय काढण्यासाठी थराच्या लगेच खालच्या चिखलातील फोरॅमिनिफेरांची (सूक्ष्म एकपेशीय सागरी जीवांची) कवचे वेचून त्यांचे रेडिओकार्बन मापन करावे. मात्र लोंढ्याने तो चिखल खरवडला नाही, याची आधी खात्री करावी.

खरी कसोटी पुढेच आहे, कारण वादळानेही गाळ घसरतो. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यासमोरील कॅस्केडिया भागात भूवैज्ञानिक जॉन अ‍ॅडम्स यांनी १९९० मध्ये दिलेला युक्तिवाद मला सर्वांत भक्कम वाटतो. सुमारे ७,७०० वर्षांपूर्वीच्या माझामा ज्वालामुखीच्या राखेनंतरचे थर मोजावेत. एकमेकींना मिळणाऱ्या वेगवेगळ्या सागरी दऱ्यांत ते १३ भरतात आणि त्यांच्या संगमाखालीही २६ न भरता १३च भरतात. म्हणजे लोंढे काही तासांच्या आत, एकाच धक्क्याने सुटले असले पाहिजेत. यातील सर्वांत वरचा थर २६ जानेवारी १७०० च्या महाभूकंपाशी जोडला जातो, ज्याची तारीख जपानमधील त्सुनामीच्या नोंदींवरून ठरली.